झूल घालावी की काढावी?

यंदाच्या उन्हाळ्यानंतर एकच प्रश्न मला दोन-तीन घरांतून आला. घरातलं मूल घोडेस्वारी शिकतं, तबेल्यातला एक घोडा आता ‘आपला’ झालेला असतो, भाड्याने का होईना, आणि त्याला माशांपासून वाचवण्यासाठी जाळीचं पांघरूण घ्यायचं असतं. फोनवर पन्नास प्रकार दिसतात. कोणतं घ्यावं? मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, घोडा कधी पाळला नाही. पण हा प्रश्न अर्धा माशांचा आणि अर्धा घामाचा आहे, म्हणून या सदरात घेतो.

या पांघरुणाला आपल्याकडे सरळ शब्द आहे: झूल. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तीच. अरबीतही जनावराच्या पांघरुणाला ‘जुल्ल’ म्हणतात. तुमच्या मुलांना सांगा, तबेल्यात गेल्यावर मराठी विसरायची गरज नाही. नाल, रिकीब, सईस हे शब्द अरबीतूनच आपल्याकडे आले, आणि लगाम तर इथला माणूसही ‘लिजाम’ म्हणून ओळखतो. शब्द आले तसे घोडेही आले. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि कुवेतहून अरबी घोडे गलबतांतून मुंबईला जात, आणि भेंडी बाजार-भायखळ्याकडे अरब व्यापाऱ्यांचे तबेले असत. आज आपण उलट दिशेने येऊन खैतानात राहतो आणि शुक्रवारी त्याच घोड्यांच्या वंशजांना खरारा करतो, याची मला गंमत वाटते.

आता घाम. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. कुत्र्यासारखा जीभ काढून धापा टाकणं हा त्याचा मार्ग नव्हे. जोराच्या कामात तो तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. जुलैत कुवेतचं तापमान पन्नाशीला टेकतं तरी हवा कोरडी असते आणि घाम झरकन उडतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात आग्नेयेकडून दमट वारा सुटला की तापमान दहा अंशांनी कमी असूनही घाम अंगावरच राहतो. मुंबईच्या मे महिन्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

इंग्रजी पुस्तकांत एक सोपं गणित दिलेलं असतं: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करा. दीडशेच्या वर गेली तर जपा, एकशे ऐंशीच्या वर गेली तर घोड्याला काम देऊ नका. सप्टेंबरातल्या संध्याकाळी 35 अंश सेल्सिअस म्हणजे 95 फॅरनहाइट, त्यात 65 टक्के आर्द्रता, बेरीज 160. इथपर्यंत ठीक. पण जुलैतल्या दुपारी 48 अंश म्हणजे 118, त्यात 10 टक्के आर्द्रता, बेरीज 128, म्हणजे खुशाल दौडा! हे गणित करणाऱ्याने कुवेतची दुपार पाहिलेली नसणार. आपल्याकडे ते फक्त दमट महिन्यांत वापरा. कोरड्या महिन्यांत दुपार ही दुपारच.

झूल म्हणजे या घामावर ठेवलेलं झाकण. जाळी कितीही मोकळी असली तरी कातडीलगतचा वारा थोडा अडतोच. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणती’ हा नाही, ‘कशासाठी’ हा आहे. तुमच्या घोड्याला त्रास कोण देतं?

साधी घरमाशी डोळ्यांभोवती आणि जखमेवर बसते. तिच्यासाठी बहुधा तोंडावरची जाळी पुरते, अंगभर झूल लागत नाही. तबेल्यातली चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच, पण सोंड पुढे रोखलेली. ती पायांना चावते, घोडा सारखा पाय आपटतो, आणि झुलीने पाय झाकले जात नाहीत. मोठी गोमाशी पाठीला आणि पोटाला चावते, तिच्यापुढे मात्र झूल कामाची. घोड्याला आणि उंटाला होणारा सर्रा हा रोग अशाच चावऱ्या माशा एका जनावराचं रक्त दुसऱ्याकडे नेऊन पसरवतात. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला 1880 मध्ये आपल्याच उपखंडात, डेरा इस्माइल खान इथे सापडला होता. चौथा शत्रू म्हणजे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चिलटं. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची अॅलर्जी असते. ते आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून रक्तबंबाळ करतात. अशा घोड्याला अगदी बारीक छिद्रांची, मान आणि पोट झाकणारी झूल लागते. पण छिद्र जितकं बारीक तितका वारा कमी. इथेच खरी ओढाताण आहे. तोड वेळेत आहे: चिलटं पहाटे आणि सांजेला निघतात, तेव्हा घाला. ऊन चढलं की काढा.

झूल हातात घेऊन निवडता आली तर उत्तम. पांढरी किंवा फिकट घ्या, ऊन परतवते. सुती झूल मऊ लागते, पण दमट हवेत घाम पिऊन ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. पॉलिस्टरची हलकी जाळी लवकर वाळते. प्लॅस्टिकचा लेप दिलेली जाळी टिकाऊ, पण जड. आणि घोड्याला कातडी थरथरवून माशी उडवण्याची जी देणगी आहे ती जड झुलीखाली दबते. ‘सत्तर टक्के ऊन अडवते’ असं लिहिलेलं असेल तर झूल उन्हात धरून जमिनीवरची सावली पाहा. सावली विरळ असेल तर ऊनही आत येणारच. धाग्यांनी जेवढं झाकलं तेवढंच अडणार, त्यात जादू नाही.

पट्ट्यापट्ट्यांच्या झुलीबद्दल मुलं हटकून विचारतात. ती नुसती फॅशन नाही. टिम कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रयोग मांडला: झेब्र्याचे पट्टे असलेली झूल घातलेल्या घोड्यांभोवती गोमाशा घोंगावत होत्या तितक्याच, पण अंगावर उतरणं त्यांना जमेना. उघड्या डोक्यावर मात्र त्या नेहमीसारख्याच बसल्या. प्रयोग गोमाशांवर होता, तेव्हा घरमाशीसाठी पट्ट्यांचे जादा दिनार मोजू नका.

माप टेपने घ्या, छातीच्या मध्यापासून कुशीवरून मांडीच्या मागच्या टोकापर्यंत. अरबी घोडा आटोपशीर असतो. थोराड घोड्याचं माप त्याला लोंबतं आणि पाय अडकतो. वाळूत लोळायचं त्याला भारी प्रेम, म्हणून शिवण आणि बंद मजबूत हवेत. घातल्यावर अर्ध्या तासाने झुलीखाली, कोपराच्या मागे, हात घाला. ओलसर लागलं तर झूल उतरवा, मग माशा असोत नसोत. उभा असलेला घोडा मिनिटाला 8 ते 16 वेळा श्वास घेतो. सावलीत उभा राहूनही तो जोरजोरात श्वास घेत राहिला तर पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्याला बोलवा. आणि घाम यायला हवा तेव्हा अंग कोरडंच असेल तर अधिक घाबरा. दमट उष्ण प्रदेशात काही घोड्यांचा घाम आटतो. इंग्लंडहून हिंदुस्थानात आणलेल्या शर्यतीच्या घोड्यांत हे फार पूर्वीच दिसलं होतं. अशा घोड्याला झूल नकोच.

खरं तर झुलीआधी पंखा घ्या. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही आणि घामही वाळतो, एका खर्चात दोन कामं. लीद रोज उचला. उबेत घरमाशीची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. भर उन्हाळ्यात माशाही होरपळतात. त्यांचा जोर पुन्हा वाढतो तो हवा निवल्यावर, म्हणजे या दिवाळीच्या दिवसांत. तेव्हा हा अंक हाती येईल तोच जाळी वापरण्याचा काळ, आणि सुदैवाने तेव्हा उकाड्याचा धोकाही कमी झालेला असतो.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तुमचं मूल तबेल्यात आठवड्यातून दोनदा जातं. सकाळी नऊला झूल काढणारा आणि सांजेला घालणारा हात सईसाचा असतो. तो बहुतेक आपल्याच देशातला, आणि जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत अकरा ते चार उघड्यावर काम न करण्याचा कुवेतचा नियम त्याच्यासाठीही आहे. घोड्याचा पंखा त्याच्या बसायच्या जागेपर्यंत वळतो का, तेही पाहा. सात बकलांची झूल त्याच्यावर लादलीत तर ती दिवसभर घोड्याच्या अंगावरच राहील, आणि त्यात दोष त्याचा नसेल. छातीवर एक बंद, पोटाखाली दोन, एका हाताने सुटतील असे. विकत घेण्याआधी त्याला फोटो दाखवा आणि विचारा, ‘भाऊ, ही तुम्हाला चालेल का?’ तो नाही म्हणाला, तर दुसरी शोधा.