टाक्या मोठ्या, किल्ली कापडात

नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रेटर नोएडा येथील ‘एनटीपीसी’च्या ‘नेत्रा’ या संशोधन केंद्रात ३ मेगावॉट-तास क्षमतेच्या व्हॅनेडियम फ्लो बॅटरीचे उद्घाटन केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांच्या हस्ते झाले. वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर एका वेळी तीन हजार युनिट वीज साठवणारी ही यंत्रणा. मेगावॉट-तासाच्या पातळीवरची देशातील ही पहिलीच फ्लो बॅटरी. चीनमध्ये शिनजियांग प्रांतात डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या अशाच प्रकल्पाची क्षमता ७०० मेगावॉट-तास आहे. हे अंतर पाहिले की चर्चा साहजिकच टाक्यांच्या आकाराकडे आणि व्हॅनेडियम कुठून आणायचे या प्रश्नाकडे वळते. पण साठवलेल्या शंभर युनिटांपैकी परत किती मिळणार, हे बऱ्याच अंशी ठरते ते काही मिलिमीटर जाडीच्या काळ्या कापडात. त्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

अशा बॅटरीची गरज का भासते, हे आता वेगळे सांगायला नको. देशातील स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा २०२५ च्या मध्यात बिगर-जीवाश्म स्रोतांकडे गेला. त्यात सौरऊर्जा मोठी आहे. ती दुपारी मुबलक असते आणि दिवे लागायच्या वेळी नसते. दुपारची वीज रात्रीपर्यंत टिकवायला आज बहुतेक ठिकाणी लिथियम बॅटऱ्या वापरल्या जातात. त्या आटोपशीर असतात, मात्र त्यांना आगीचा धोका असतो. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील साठवण केंद्राला आग लागली, तेव्हा हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली होती. व्हॅनेडियम बॅटरीतले द्रावण आम्लयुक्त पाण्याचे असल्यामुळे ते पेट घेत नाही. शिवाय हजारो वेळा भारित केले तरी ते झिजत नाही.

या बॅटरीची रचना सरळ आहे. दोन टाक्यांत सल्फ्युरिक आम्लात विरघळलेले व्हॅनेडियम असते. पंप ते द्रावण मधल्या कोशसंचात फिरवतात. कोशात मध्ये एक पातळ पटल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड असतो. टाक्या मोठ्या केल्या की साठा वाढतो, कोश वाढवले की एका वेळी मिळणारी शक्ती वाढते. दोन्ही बाजूंना एकच धातू वापरण्याची ही कल्पना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. एका बाजूचे व्हॅनेडियम पटल ओलांडून दुसरीकडे गेले तरी द्रावण कायमचे बिघडत नाही, हा तिचा मोठा फायदा.

इलेक्ट्रोड म्हणजे कार्बनच्या तंतूंचे, घोंगडीसारखे जाडसर कापड. याला ‘कार्बन फेल्ट’ म्हणतात. कृत्रिम धागा हवेविना अतिशय तापवला की त्यातले बाकीचे घटक निघून जातात आणि जवळजवळ शुद्ध कार्बन उरतो. तो वीज वाहून नेतो, आम्लात टिकतो आणि परवडतो. अडचण अशी, की इतका तापलेला कार्बन पाण्याला जवळ करत नाही. कोऱ्या फेल्टवर पाण्याचा थेंब टाकला तर अळूच्या पानावरच्या थेंबासारखा तो तसाच उभा राहतो. द्रावण तंतूंना नीट भिडलेच नाही, तर व्हॅनेडियमला इलेक्ट्रॉन देणार-घेणार कुठे? भिडले तरी गुळगुळीत पृष्ठभागावर ही देवाणघेवाण मंद चालते. ती रेटून न्यायला जास्त व्होल्टेज लागते आणि त्या जादा विजेची उष्णता होते.

यावरचा उपाय चकित करण्याइतका साधा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्कायलास-कझाकोस यांच्याच गटाने ग्राफाइट फेल्ट साध्या हवेत ४०० अंश सेल्सियसला ३० तास भाजले. भट्टीतल्या ऑक्सिजनने तंतूंचा पृष्ठभाग किंचित कुरतडला आणि तेथे ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार झाले. पाणी दूर सारणारे कापड पाणी शोषू लागले. प्रयोगशाळेतल्या कोशाची ऊर्जा-कार्यक्षमता ७८ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेली. म्हणजे नासाडी २२ वरून १२ युनिटांवर, जवळपास निम्म्यावर आली.

हा फरक व्यवहारात काय दाखवतो? रोज एक लाख युनिट भरून घेणारे केंद्र धरले, तर दहा टक्क्यांचा फरक रोज दहा हजार आणि वर्षाला साडेछत्तीस लाख युनिटांचा होतो. प्रत्यक्ष केंद्रात पंप आणि इतर यंत्रणाही वीज खातात, त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा पदरात पडत नाही. तरी दुसरा फायदा उरतोच. इलेक्ट्रोड चपळ असला की तेवढ्याच क्षेत्रफळातून जास्त विद्युतप्रवाह घेता येतो. मग कोश कमी लागतात, महागडे पटल कमी लागते आणि यंत्रणेची किंमत उतरते.

मग प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. भाजणे थोडे कमी पडले तर परिणाम अपुरा, थोडे जास्त झाले तर कार्बनच जळून हवेत जातो, तंतू ठिसूळ होतात आणि वहन घटते. हाताएवढा तुकडा भाजणे सोपे; शेकडो चौरस मीटर फेल्ट कडेपासून मध्यापर्यंत सारखे भाजणे हे कारखान्याचे कसब आहे. शिवाय हा गुण कायम टिकत नाही. धन बाजूचा कार्बन जास्त भारित झाल्यास हळूहळू जळतो. ऋण बाजूला हायड्रोजन वायू सुटण्याची वेगळीच डोकेदुखी असते. म्हणून तेथे बिस्मथसारख्या धातूचे कण वापरून पाहिले गेले आहेत. आणि तीन दशकांनंतरही सुधारणेचे श्रेय ऑक्सिजनच्या गटांना द्यायचे, की भाजण्याने उघड्या पडलेल्या कार्बनच्या कडांना, यावर संशोधकांत एकमत नाही. त्यामुळे कुठल्याही नव्या प्रक्रियेचा दावा तपासताना पहिल्या दिवसाची कार्यक्षमता पुरेशी नाही. हजार आवर्तनांनंतरचा आकडाही मागायला हवा.

भारतासाठी या तपशिलाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो उन्हाळ्याशी जोडलेला आहे. पूर्ण भारित झालेल्या धन बाजूच्या द्रावणातले व्हॅनेडियम ४० अंशांच्या वर फार काळ राहिल्यास साक्याच्या रूपात खाली बसू लागते आणि मार्ग तुंबवते. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यात कोशातल्या नासाडीची उष्णता मिळवली, की द्रावण थंड ठेवायला वीज खर्चावी लागते. अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये दोन आम्लांचे मिश्रण वापरून ही मर्यादा ५० अंशांपर्यंत नेल्याचे दाखवले. पण उष्णता मुळातच कमी निर्माण होणे हा त्याहून स्वस्त मार्ग, आणि तो पुन्हा त्या कापडापाशीच येऊन थांबतो.

व्हॅनेडियमच्या जागतिक उत्पादनात चीनचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. खाण आणि धातूच्या बाबतीत ही बरोबरी लवकर होणारी नाही. फेल्टवरील प्रक्रियेचे तसे नाही. तिला दुर्मीळ खनिज लागत नाही. लागते ती अचूक तापमानाची भट्टी, काटेकोर चाचणी आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्याची चिकाटी. ‘नेत्रा’तील बॅटरी संशोधन केंद्रातच उभी असल्याने ही सोय तेथे आहे: वेगवेगळ्या प्रक्रियेचे फेल्ट घालून, दोन-तीन उन्हाळे काढून, निकाल खुले करता येतील. पुढच्या मोठ्या प्रकल्पांच्या निविदांतही मेगावॉट-तासांसोबत अमुक वर्षांनंतरची हमीची कार्यक्षमता मागितली, तर पुरवठादाराला या कापडाचा विचार करावाच लागेल. अन्यथा भरून घेतलेल्या विजेतला मोठा वाटा रोज उष्णता होऊन उडून जाईल, आणि त्याचे पैसे शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतील.