आळ उन्हावर

मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकतो, तेव्हा भाजलेल्या माना आणि हात कुणाला नवे वाटत नाहीत. दोन दिवस आग होते, मग साल निघते, आठवडाभरात सगळं निवळतं. कोडं पडतं ते पुढे पावसाळ्यात. आभाळ भरलेलं, सोयाबीनमध्ये खुरपणी चालू, आणि पन्नाशीतला एखादा शेतकरी मानेची जाड, खरबरीत झालेली कातडी खाजवत असतो. उन्हाळ्यात ऊन बाधलं, ते अजून उतरेना, असं त्याचं म्हणणं.

पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागचा भाग इथं ऊन फारसं पोचत नाही. तिथंही चट्टे उठले असतील, तर हवेतून येणाऱ्या कशाचा तरी संशय घ्यावा. मराठवाड्यात हा संशयित बहुतेक वेळा बांधावरच उभा असतो: गाजरगवत.

पुण्यात या गवताची नोंद १९५५ची. अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेच्या गव्हातून ते आलं, असं पारावर आजही ठासून सांगितलं जातं. पण त्या योजनेचा भारताशी करारच झाला ऑगस्ट १९५६मध्ये! १९७४मध्ये डॉ. लोणकर यांनी सहकाऱ्यांसह या गवतापासून होणाऱ्या त्वचाविकारावर शोधनिबंध लिहिला. गवताच्या पानाखोडांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. माणूस वर्षानुवर्षं त्या गवतात वावरतो, काही होत नाही. मग शरीर एकदा बिथरतं आणि पुढे नुसती धूळ उडाली तरी खाज सुटते. काहींची कातडी तर पुढे उन्हालाच सोसेनाशी होते. म्हणजे उन्हावरचा आळ अगदीच खोटा नाही, अर्धवट आहे.

उपाय म्हणून आधी लिंबू चोळलं जातं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी आणखी पोळते, काळे डाग पडतात. नंतर मेडिकलमधून न विचारता आणलेली ट्यूब. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने लावल्यास चेहऱ्याची त्वचा पातळ, लालसर होते. २०१८मध्ये सरकारनं अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी गल्ल्यावरचा व्यवहार फारसा बदललेला दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची नावंही सांगावीत. त्यांतल्या काहींनी ऊन जास्त बाधतं. निदानासाठी पॅच टेस्ट असते. गवताच्या अर्काची पट्टी पाठीवर दोन दिवस ठेवून काढतात आणि पुन्हा एकदोन दिवसांनी त्वचा पाहतात. मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात ती होते.

गवताचं काय करायचं, याचं एक उत्तर परभणीतच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मेक्सिकन भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले जातात. १९८३मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणलेली ही जात गाजरगवताची पानं फस्त करते. पण भुंग्यांचा जोर पावसाळ्यापुरता. नंतर ते जमिनीत दडतात. त्यामुळे कालव्याच्या कडेचं, रस्त्यालगतचं गवत फुलं धरण्याआधी उपटावंच लागतं, तेही हातमोजे घालून. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला त्यासाठी जागृती सप्ताह असतो. ज्याला आधीच खाज सुटते, त्यानं मात्र या कामाला जाऊ नये आणि उपटलेल्या ढिगाजवळही फिरकू नये. वाळलं तरी हे गवत बाधतं.