स्टेपनीचा भार चॅसीवर घ्या

थार, जिम्नी किंवा गुरखा मोठे टायर बसवायला गॅरेजमध्ये येते, तेव्हा चार चाकांचा विचार कसून होतो. टायर फेंडरला घासेल का, सस्पेन्शन किती उचलावे, स्पीडोमीटर किती चुकेल, सगळे ग्राहकाशी बोलले जाते. पाचवे चाक मात्र गाडी परत द्यायच्या घाईत कंपनीच्याच ब्रॅकेटवर चढते. जाड टायर दाराला टेकतो म्हणून मध्ये स्पेसर, स्टड पुरत नाहीत म्हणून लांब स्टड, की काम संपले. आमचे स्पष्ट मत आहे की मूळ मापाहून मोठी आणि जड स्टेपनी मागच्या दारावर टांगू नये. तिचा भार थेट चॅसीवर उतरवणारे फिरते कॅरियर टायरच्याच कामात धरावे आणि त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहावा.

हिशोब साधा आहे. चाक ४० किलोचे, त्याचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून ६० सेंटीमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांत ४० सेंटीमीटर अंतर असे धरू. दार उघडताच वरच्या बिजागरीवर ६० किलोची आडवी ओढ येते, खालच्या बिजागरीवर तेवढाच दाब. दाराचे स्वतःचे वजन वेगळेच. बंद दारात लॅच यातला काही भार घेते हे खरे. पण चाक दाराच्या पत्र्याबाहेर असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ते पत्र्याला पीळ देते. चाकाचा मध्य पत्र्यापासून २० सेंटीमीटरवर असताना ५ सेंटीमीटरचा स्पेसर घातला, तर वजन तेच राहूनही पीळ सव्वापट होतो. पत्रा एका दिवसात फाटत नाही. ब्रॅकेटच्या कडेला, स्पॉट वेल्डपाशी बारीक चीर पडते आणि आतल्या ट्रिममागे ती दिसतही नाही. दार उचलून लावावे लागू लागले, की ट्रिम काढून बघायलाच हवे.

‘कंपनीनेच स्टेपनी दारावर दिली आहे,’ असा आक्षेप नेहमी येतो. कंपनीने ती स्वतःच्या चाकासाठी दिली आहे. जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५ टायर सुमारे ६९ सेंटीमीटर व्यासाचा; २३५/७५ आर १५ घातला की व्यास ७३ सेंटीमीटरवर जातो, रुंदी ४ सेंटीमीटरने वाढते आणि वजनही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोखंडी कॅरियर मागच्या ॲक्सलच्याही मागे बरेच किलो वाढवते. हे मान्यच करावे लागेल. म्हणून ज्याची गाडी शहराबाहेर क्वचितच जाते, त्याला मूळ मापाचेच टायर सुचवावेत, भले आपली विक्री बुडो. छतावर स्टेपनी नेणे हा उपाय आम्हाला पटत नाही. गुरुत्वमध्य वर जातो आणि चिखलात एकट्या माणसाला ४० किलो खाली उतरवणे धोक्याचे ठरते. उरतो कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ फेरबदलांवर बंधन घालते, तेव्हा ग्राहकाने आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी, हे आपणच त्याला सांगायला हवे. नंबर प्लेट, दिवे आणि रिव्हर्स कॅमेरा झाकले जाता कामा नयेत. कॅरियर चॅसीच्या मूळ बोल्टच्या जागीच बसवा, चॅसीला वेल्डिंग करू नका. खुंटीला टेपर रोलर बेअरिंग आणि ग्रीस निपल द्या. उघड्या स्थितीत अडकवणारी कडीही हवीच, कारण उतारावर सुटलेला कॅरियरचा हात माणसाला जखमी करू शकतो. आणि पहिल्या खडतर प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायला गाडी परत बोलवा. त्या कामाचे पैसे घेऊ नका.