शीघ्रसिद्ध किंमत

मंदीत जुना फ्लॅट विकायला काढणाऱ्याचं कौतुक फक्त सरकारलाच. कोथरूडातल्या माझ्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक ७० लाखांच्या वर चढत नाही. पार्किंग नाही, जिना काळोखी, शिवाय ‘पश्चिमेचं ऊन येतं हो!’ (ते काय मी मागवलंय?) पण रेडी रेकनर, म्हणजे सरकारी मराठीत ‘शीघ्रसिद्धगणक’, उघडून पाहा. घसारा वजा करूनसुद्धा घर ८० लाखांचं! १ एप्रिल २०२५ला हे दर वाढले. गिऱ्हाइकाला तेवढं कुणी कळवलं नाही.

आता गंमत ऐका. मुद्रांक शुल्क दोहोंतल्या मोठ्या आकड्यावर. फरक १० टक्क्यांच्या वर, म्हणून न मिळालेले १० लाख मला मिळाले असं धरून माझ्या नफ्यावर प्राप्तिकर. आणि तेच १० लाख घेणाऱ्याची कमाई धरून त्याच्यावरही! अहो, नसलेल्या एकाच पैशावर दोघांना कर? मूल्यांकन अधिकाऱ्याकडे दाद मागता येते म्हणे. म्हणजे माझं घर किती भिकार आहे हे मीच पुराव्यानिशी सिद्ध करायचं!

त्यापेक्षा ज्यांना ते ८० लाखांचं वाटतं, त्यांनीच घ्यावं. मी ७८ला देतो. जिन्यातला दिवाही बसवून देईन.