पेटी एकाची, शिवार साऱ्यांचे

लहान शेतकऱ्याला जोडधंदा सुचविण्याची आपल्या राज्यकर्त्यांना जुनी हौस आहे. कोंबड्या झाल्या, शेळ्या झाल्या, रेशमाचे किडे झाले. आता पाळी मधमाश्यांची आहे. केंद्र सरकारने २०२० साली मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले. महाराष्ट्रातही खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत पेट्यांसाठी निम्मे अनुदान मिळते व निम्मा भार शेतकऱ्याने उचलावयाचा असतो. योजना वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासावयास हवे. पेटी शेतकऱ्याच्या बांधावर ठेवली की धंदा त्याच्या मालकीचा झाला, हे ते गृहीतक होय.

थोडे गणित करून पाहावे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. सातेरी जातीची मधमाशी फुलांच्या शोधात सहज किलोमीटरभर जाते. पेटी मध्यभागी धरून एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात ३१४ हेक्टर जमीन येते. म्हणजे सरासरी आकाराची सव्वादोनशेहून अधिक शेते. पेटीचा मालक एक, तिचे कुरण मात्र शेकडो खातेदारांचे! त्या शेतांत काय पिकते, बांधावरची झाडे राहिली की तुटली आणि कोणत्या दिवशी कोणते औषध फवारले गेले, ह्यांवर त्या पेटीचे भवितव्य ठरते. आणि ह्यांपैकी एकाही गोष्टीवर तिच्या मालकाची सत्ता चालत नाही.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. जेम्स मीड ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली सफरचंदाची बाग व शेजारचा मधपाळ ह्यांचाच दाखला घेऊन दाखविले की, एकाच्या उद्योगाचा लाभ दुसऱ्याला होतो पण त्याचा मोबदला बाजारात चुकता होत नाही. पुढे १९७३ साली स्टीव्हन चुंग ह्यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याची पाहणी करून, तेथील बागाईतदार पेट्यांचे भाडे देतात, तेव्हा बाजार आपले काम करतोच, असे उत्तर दिले. शेकडो एकरांच्या बागा असलेल्या मुलखात ते खरे असेल. आपल्याकडेही डाळिंबाचे मोठे बागाईतदार फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्या भाड्याने आणतात. पण गुंठ्या-गुंठ्यांत वाटल्या गेलेल्या शिवारात कोणाच्या माशीने कोणाचा भोपळा फळाला आणला, ह्याचा हिशेब कोण मांडणार? कांद्याचे बी, सूर्यफूल, वेलवर्गीय भाज्या ह्यांना परागीकरणाचा जो लाभ होतो तो मधाच्या किमतीहून मोठा असतो, आणि नेमका तोच मधपाळाच्या पदरी पडत नाही. जे. सी. कुमारप्पांना आपल्या स्थायी अर्थव्यवस्थेच्या विवेचनात मधमाशीचा दाखला द्यावासा वाटला, ह्यात नवल नाही.

लाभ असा सर्वांत वाटला जातो. हानी मात्र एकट्याच्या माथी येते. शेजाऱ्याने भर दुपारी, पीक फुलावर असताना फवारणी केली की संध्याकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. शेजारी दुष्ट नसतो. त्याला औषध विकणाऱ्या दुकानदाराने माशीचे नावही काढलेले नसते, आणि फवारणारा मजूर मिळेल त्या वेळी काम उरकणारच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. जेथे माणसाच्या जिवाची ही तऱ्हा, तेथे माशीची काय कथा! १९६८ चा कीटकनाशक कायदा माणसांना व उपयुक्त प्राण्यांना धोका पोहोचू नये ह्या हेतूने झाला. मधमाशीहून उपयुक्त प्राणी कोणता, असे सरकारी खात्यांना एकदा विचारावयास हरकत नाही.

पेट्या घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने म्हणूनच कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी एक वर्ष शिवार न्याहाळावे. कोणत्या महिन्यात काय फुलते व कोणत्या महिन्यात काहीच फुलत नाही, ह्याची नोंद ठेवावी. मैलोगणती पसरलेला ऊस डोळ्यांना हिरवागार दिसला तरी माशीच्या लेखी ते ओसाड रान आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा आहेत, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. तेथला हिशेब बीड-परभणीच्या काळ्या रानाला लावून चालणार नाही. परदेशातून आणलेली मेलिफेरा माशी मध भरपूर देते, पण फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकने हलवीत राहावे लागते. तो भांडवलवाल्याचा धंदा आहे. सातेरीच्या पेटीला वर्षाकाठी पाच-दहा किलो मध मिळाला तरी पुष्कळ. मात्र ती येथलीच आहे, झाडाच्या ढोलीतून पकडून पेटीत बसविता येते. तिचेही हट्ट आहेत. उपासमार झाली किंवा मेणकिडा लागला की ती घर सोडून निघून जाते. पावसाळ्यात साखरेचा पाक पाजावा लागतो, मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत पसरलेल्या थाई सॅकब्रूड रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या, हेही विसरू नये.

मध हाती आल्यावर बाजाराशी गाठ असतेच. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२० साली तपासलेल्या १३ नाममुद्रांपैकी तीनच सर्व चाचण्यांत उतरल्या. कंपन्यांनी निष्कर्ष नाकारले. पण साखरेच्या पाकाशी किमतीची स्पर्धा खऱ्या मधाने कशी करावी, ह्या प्रश्नाला त्या नकाराने उत्तर मिळत नाही. एकेकट्या उत्पादकाला ती झेपणारी नाही. महाबळेश्वरला मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली ती ह्याच जाणिवेतून.

त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. नावात थोडा जाहिरातीचा वास आहे. पण त्यात पेटीऐवजी गाव हा घटक मानला गेला, ही गोष्ट मोलाची आहे. अनुदान द्यावयाचे तर ते गावाच्या ठरावाला जोडून द्यावे. पीक फुलावर असताना फवारणी नको, करावीच लागली तर माश्या परतल्यावर तिन्हीसांजेला. मधपाळाला आदल्या दिवशी सूचना. बांधावरची जांभळे, करंज तोडावयाची नाहीत. आणि विषाने वसाहत मेली तर भरपाई गावनिधीतून. ह्याला नवा कायदा लागत नाही. १ मेच्या ग्रामसभेपुढे असा ठराव आला, तर खरिपाच्या फवारण्या सुरू होईपर्यंत दोन महिने हाताशी राहतात.