आधी आकडा, मग सही

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर दशक्रिया आटोपते आणि घाटाच्या पायऱ्या चढून होत नाहीत तोच जमिनीचा विषय निघतो. या आठवड्यात तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर निघाला आणि माझं डोकं उठलं. वारस सहा: आई, दोन भाऊ, तीन बहिणी. धाकट्याने 100 ला 6 ने भागून प्रत्येकाच्या नावापुढे 16.67 टक्के लिहिलं. बेरीज आली 100.02. आता ते जास्तीचे शतांश कोणाच्या वाट्यातून कापायचे, यावर बोलाचाली. अहो, एक षष्ठांश लिहा! सातबारा आणि आठ अ यांवर मी इथे सारखा लिहितो, म्हणून पुन्हा सांगतो: हिस्सा अपूर्णांकात लिहावा, टक्के शेवटी काढावेत. जुनी माणसं सोळा आण्यांत वाटे मांडत, त्यांची बेरीज कधी चुकत नसे.

पण टक्क्यांचं राहू द्या. त्याच कागदावर तिन्ही बहिणींच्या आकड्यांपुढे आधीच 'हक्कसोड' लिहून ठेवलं होतं. थोरल्या अक्काला कोणी विचारलंही नव्हतं. "बहिणी कुठे मागताहेत?" एवढंच उत्तर मिळालं. अक्का शेजारीच उभी होती, कागद तिच्या हाती कोणी दिला नाही.

हा षष्ठांश सहज आलेला नाही. नेमकं असंच कुटुंब 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात होतं: गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम. वडील 1960 मध्ये वारलेले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हिशेब मांडला. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. तेव्हा वडील, आई आणि दोन मुलगे यांना पाव-पाव हिस्सा. मग वडिलांच्या पावाचे सहा भाग. आईला 7/24, प्रत्येक मुलग्याला 7/24, प्रत्येक मुलीला 1/24. जमीन 24 एकर धरली तर भावाला 7 एकर, बहिणीला एक.

महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहदायिक, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केलं, पण तेव्हा लग्न झालेल्या वगळल्या. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली. हक्क जन्मानेच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्कं झालं. आता त्याच 24 एकरांत वाटणीला सात जण, आणि वडिलांच्या सातव्या हिश्शाचे पुन्हा सहा भाग. प्रत्येकाला बरोबर 4 एकर. एकाचे चार व्हायला एवढी वर्षं गेली, आणि ते चार एकर आपण घाटावर उभ्या-उभ्या एका शब्दात काढून घेतो!

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट आहे. अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा लागूच नाही, कलम 2(2) तसं सांगतं. त्यामुळे भिल्ल-पावरा घरांतल्या मुलींना हा षष्ठांश या कायद्याने मागताच येत नाही. ज्यांच्या हाती तो आला आहे, त्यांनी तरी न वाचता सोडू नये.

बहिणीने भावाला हिस्सा द्यावा की न द्यावा, हा तिचा प्रश्न. माहेर तुटेल ही भीती मी घरोघरी पाहिली आहे, तिला हलकं लेखत नाही. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की मागे फिरणं फार कठीण. म्हणून भावांनो, आधी तिच्या हाती कागद द्या: गट नंबर, क्षेत्र, तिचा अपूर्णांक, त्याचे आर किती आणि आजच्या भावाने रुपये किती. बायांनो, फेरफाराची नोटीस आली तर ती वाचायला घ्या. हरकतीला पंधरा दिवस असतात. आकडा पाहूनही अक्का "दिलं" म्हणाली, तर ते तिचं देणं. आकडा न दाखवता घेतलेली सही हा तिच्यावरचा अन्याय आहे, मग ती किती का प्रेमाने घेतलेली असेना.