बुडी मारण्यापूर्वी बॉईलचा नियम

सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या मंडळींना आता एक नवे आकर्षण लाभले आहे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधायचे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात उतरायचे आणि प्रवाळ व मासे जवळून पाहायचे. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. ‘पोहता येत नसले तरी चालेल, थोडा सराव पुरे’ असे नवशिक्यांना सांगितले जाते. सोबत वाकबगार पाणबुड्या असल्याने त्यात तथ्यही आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, ज्याला बॉईलचा नियम समजलेला नाही त्याने ही बुडी मारू नये.

आधी एक गैरसमज दूर करू. नळकांड्यात शुद्ध प्राणवायू नसतो. दाबून भरलेली साधी हवा असते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी एक झडप तयार केली. ती आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा पाणबुड्याला पुरवते. म्हणून खोल पाण्यातही श्वास सहज घेता येतो. पण धोक्याचे मूळही इथेच आहे.

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार, तापमान कायम असता, दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. आता समजा, १० मीटरवर कोणी छातीत ५ लिटर हवा भरून घेतली आणि घाबरून, श्वास कोंडून वर धाव घेतली. पृष्ठभागावर त्या हवेला १० लिटर जागा लागेल! ती छातीत कोठून मिळणार? फुफ्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि प्राणावर बेतू शकते.

इथे पट्टीचा पोहणाराही फसण्याचा संभव असतो. तो नेहमी श्वास रोखूनच बुडी मारतो. पण त्याने हवा पृष्ठभागावर घेतलेली असते. वर आल्यावर ती मूळ आकारमानाला येते, अधिक फुगत नाही. नळकांड्यातील हवेची गोष्ट वेगळी. तिथे जुनी सवयच घातक ठरते.

‘आम्ही फार खोल जात नाही’ हे उत्तरही पुरेसे नाही. १० मीटरवरून २० मीटरवर जाताना दाब दीडपट होतो, तर पृष्ठभागावरून १० मीटरवर जाताना दुप्पट! म्हणजे प्रमाणाने पाहता सर्वांत मोठा फरक उथळ पाण्यातच पडतो. उतरताना कान दुखू लागतात ते यामुळेच. म्हणून सर्दी असताना बुडी मारू नये.

कोणी म्हणेल, प्रशिक्षक हात धरून असतो, मग मुलांना गणिते कशाला? प्रशिक्षक हात धरील. पण तुमच्या कानातील दाब त्याला जाणवत नाही आणि तुमचा श्वासही त्याला घेता येत नाही. शिवाय पाठ केलेली सूचना भीतीच्या क्षणी आठवेलच असे नाही; कारण समजले असेल तर ती मनात पक्की बसते. पर्यटनावर पोट असणाऱ्या किनाऱ्यावरील लोकांचेही यात नुकसान नाही. फळ्यावर अर्धा तास समजावून सांगितल्याने गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट त्याचा विश्वास वाढेल.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, कोकणच्या सहलीपूर्वी एक तास यासाठी द्यावा. सुई काढलेल्या पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की नियम हाताला कळतो. मग एक उदाहरण घालावे: १२ लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरण दाबाने हवा भरली आहे, मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर सुमारे १२० मिनिटे पुरेल, तर १० मीटरवर किती? उत्तर ६० आहे. विद्यार्थी मित्रहो, ते ६० का, हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल मालवणला जावे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी प्रशिक्षकाला न संकोचता प्रश्न विचारावेत.